स्कूल बसच्या दारात होणाऱ्या या चुका टाळा, दर जूनला तेच सांगून मी दमलोय

माझा फोन सकाळी सात चाळीसला पहिल्यांदा वाजतो आणि समोरचं वाक्य ठरलेलं असतं, "सर, बसला दोन मिनिटं थांबायला सांगा ना, सॉक्स घालतोय तो." २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नका म्हणून सांगितलं तेव्हा मला भाबड्याला वाटलं की चला, सकाळची पळापळ संपली. कसलं काय, सगळी घरं तेवढीच उशिरा उठायला लागली आणि सॉक्स अजून तिथेच आहेत.

अकरा वर्षं झाली, पिंपरी-चिंचवडकडच्या एका शाळेत ट्रान्सपोर्ट बघतोय. चौदा बस, चौदा ड्रायव्हर काका, चौदा मावश्या. पालक घाबरतात ते हायवेला, ट्रकला, काका फास्ट चालवतात का याला. ते विचारावंच, नाही म्हणत नाही मी. पण आमच्याकडे ज्या ज्या वेळी काळजाचा ठोका चुकला त्यातल्या बहुतेक वेळा बस उभी होती, नाहीतर नुकती हलत होती, आणि आई नाहीतर आजोबा दहा फुटांवर उभे होते.

सगळ्यात वाईट चूक: बसच्या पुढून जाणं

आपल्याकडे बसचं दार डावीकडे. घर रस्त्याच्या पलीकडे असेल तर पोरगं उतरतं आणि बसच्या नाकाला चिकटूनच रस्ता ओलांडायला लागतं. काका बसलेले उंचावर, त्यांच्या काचेच्या लगेच खालचे काही फूट त्यांना दिसतच नाहीत, आणि पहिलीतलं पोर असतं साडेतीन फुटांचं. मी पालकसभेला एक रिकामी बस मैदानात उभी करतो, पुढे पाण्याची प्लास्टिकची बादली ठेवतो आणि वडिलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून विचारतो, बादली कुठेय सांगा. मान लांब करकरून थकतात. त्यानंतर त्यांना भाषण द्यावं लागत नाही.

बादलीचा हा उद्योग सुरू झाला तो एका जुलैपासून. त्या रूटची मावशी रजेवर, म्हणून मीच बसमध्ये होतो. पाऊस असा की वायपर नुसतेच हलतायत. पहिलीतली एक मुलगी उतरली, रेनकोटची टोपी डोळ्यांवर आलेली, गळ्यातली पाण्याची बाटली निसटली आणि गडगडत पुढच्या चाकाकडे गेली. ती गेली तिच्यामागे आणि वाकली. मी दारातच होतो, पण मागच्या पोराचं दप्तर अडकलेलं ते सोडवत होतो. काकांनी आरशात बघितलं, दार मोकळं दिसलं, फर्स्ट टाकला. बस अर्धा फूट हलली असेल, तेवढ्यात गेटजवळच्या भाजीवाल्या मावशींनी तराजूतलं वजन उचलून बसच्या पत्र्यावर फेकून मारलं. धाडकन आवाज, काकांचा पाय ब्रेकवर. मी खाली उडी मारली तेव्हा पोरगी रडत होती, आणि कशासाठी, तर बाटली चपटी झाली, आता मम्मी ओरडेल म्हणून. पत्र्यावर पडलेला तो पोचा मी आजपर्यंत काढू दिलेला नाही. नवीन ड्रायव्हर आला की पहिल्या दिवशी त्याला तो दाखवतो.

तर माझी पद्धत सांगतो, पुस्तकी नाही, माझी आहे. उतरलं की बसपासून लांब पाच ढांगा टाकायच्या, मोठ्याने मोजत. मग थांबायचं. बस गेली की मोठ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडायचा, बस उभी असताना ओलांडायचाच नाही. खाली काही पडलं तर उचलायचं नाही, मावशीला सांगायचं. आणि घरी आई-बाबांनी पोराला कान उपटून नाही, नीट जवळ घेऊन सांगायचं की बाटली गेली, डबा गेला, कंपास गेली तरी कुणी ओरडणार नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पोरं चाकाखाली वाकतात ती बाटलीवरच्या प्रेमाने नाही, तुमच्या भीतीने वाकतात.

पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून "ये बाळा, पटकन ये" म्हणणारे पालक, तुम्हाला मी हात जोडतो. हाक ऐकली की पोर डावं-उजवं काही बघत नाही. तुम्ही अलीकडे या, तुमचे पाय मोठे आहेत.

मधूनमधून कुणीतरी ग्रुपवर अमेरिकेतला व्हिडिओ टाकतं, पिवळी बस थांबली, बाजूला लाल पाटी बाहेर आली आणि दोन्हीकडची सगळी गाडी-वाहनं गपचूप उभी. छान आहे. इथे बस थांबली की मागचा हॉर्न वाजवतो, आणि दुचाकीवाला तर बस आणि फुटपाथच्या मधून, म्हणजे बरोबर दाराच्या बाजूने, गाडी काढतो. म्हणून आमच्याकडे मावशी आधी उतरणार, मागे बघणार, हात आडवा धरणार आणि मगच पहिलं पोर खाली. "मावशी, लवकर करा ना" म्हणणाऱ्यांना आमच्या मावश्या आता उत्तरं देतात आणि मी त्यांना ती देऊ देतो.

दुसरी चूक: "बस रिकामी झाली असेल"

ही चूक पालकांची नाही, आमची आहे, त्यामुळे स्वतःचंच सांगतो. एप्रिल, दुपारची ड्रॉप ट्रिप, सीनियर केजीतलं पोरगं मागच्या सीटवर आडवं होऊन झोपलं. त्याच्या स्टॉपवर आजी उभ्या होत्या, पोर उतरलं नाही, आजींना वाटलं सूनबाईंनी शाळेतूनच नेलं असेल, कारण आदल्या आठवड्यात तसं झालं होतं. मावशीने पुढच्या दाराजवळ उभं राहूनच मागे हाक मारली, "आहे का रे कुणी?" झोपलेलं पोर काय ओ देणार. काकांनी बस मैदानात लावली, खिडक्या बंद केल्या आणि जेवायला गेले. तीन माणसं, तिघांनी थोडं थोडं गृहीत धरलं.

माझ्या वहीत चढलेली बत्तीस आणि उतरलेली एकतीस होती. फोन लावत लावत मी स्कूटरवर मैदानात पोचलो तोवर वीसएक मिनिटं झाली असतील. पोरगं सीटच्या खाली सरकलेलं, घामाने केस कपाळाला चिकटलेले, एकच बूट पायात. उठलं आणि म्हणालं, "घर आलं?" पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं, ठीक होतं. मी मात्र रात्री झोपलो नाही.

असं आमच्याच नशिबी आलं असंही नाही. कतारमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये केजीतली एक चार वर्षांची भारतीय मुलगी अशीच बसमध्ये राहिली, ती वाचली नाही. त्याच महिन्यात जपानमध्ये तीन वर्षांची एक मुलगी तशीच गेली आणि जपानने एप्रिल २०२३ पासून बालवाडीच्या बसमध्ये यासाठी अलार्म सक्तीचा केला. त्यातला एक प्रकार असा की इंजिन बंद केलं की तो बोंबलत राहतो आणि बसच्या मागच्या टोकाला चालत जाऊनच बंद करावा लागतो. मला हे फार पटलं. अलार्म आमच्या बजेटमध्ये नव्हता, मग मी पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या, "बस रिकामी आहे". मावशीने शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटच्या खाली वाकून बघायचं, मागच्या काचेला पाटी लावायची आणि फोटो पाठवायचा. महिनाभरात एकीने कालचाच फोटो आज पाठवला. शॉर्टकट शोधायला माणसाला शिकवावं लागत नाही बघा. आता फोटो नाही, चालत जातानाचा व्हिडिओ लागतो, त्यात आजची तारीख बोलायची.

पालकांसाठी यात एकच: पोर ठरल्या वेळी उतरलं नाही तर अंदाज बांधत बसू नका, त्याच मिनिटाला फोन करा. आणि आज मी नेणार, आज आजोबा, आज शेजारच्या काकू, असा बदल सकाळीच सांगा, सुटायच्या पाच मिनिटं आधी ग्रुपवर टाकून नाही, ग्रुपवर तेव्हा वाढदिवसाचे केक चालू असतात. ॲपमध्ये बस स्टॉपवर पोचलेली दिसते. पोर पोचलेलं दिसत नाही.

व्हॅनवाले काका स्वस्त पडतात म्हणून

पडतात, कारण कुठेतरी काहीतरी कापलेलं असतं. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी व्हॅन भाड्याने पोरं नेऊ शकत नाही, पिवळी प्लेट आणि शाळेच्या वाहतुकीचं परमिट लागतं. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाका, फिटनेस आणि विमा चालू आहे का ते दिसतं, दोन मिनिटांचं काम. आत डोकवा. सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून त्यावर चार पोरं बसवलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीत, आणि ती फी भरणारे आईबाप घरी पोराला गॅसच्या शेगडीजवळ उभं राहू देत नाहीत.

१८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने जे सांगितलं, म्हणजे ताशी ४० च्या वर बस पळू न देणारा स्पीड गव्हर्नर, ड्रायव्हरला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव, खिडक्यांना आडवे गज, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, दाराला नीट लागणारी कडी, ते आजही तुम्ही बसमध्ये चढून बोट लावून तपासू शकता. महाराष्ट्राचे तर २०११ चे स्वतंत्र नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधी आत. आमच्या समितीत पालक प्रतिनिधी व्हा म्हटलं की सभेतले सगळे एकदम मोबाईल बघायला लागतात. फी वाढली की मात्र तीच मंडळी माझ्या टेबलाभोवती.

बाकीच्या, पटापट

दप्तराचे लोंबते पट्टे, जॅकेटच्या दोऱ्या, आयकार्डाची लांब दोरी दारात अडकते. कापा किंवा आत खोचा.

रेनकोटची टोपी चढताना-उतरताना मागे. पाच सेकंद भिजल्याने कुणाला न्यूमोनिया होत नाही.

दप्तरावर मोठ्या अक्षरात नाव बाहेरून लिहू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि पोर ओळखीचा समजतं. नाव आतून.

चालत्या बसमध्ये डबा, चॉकलेट, जेली काही नाही. घास घशात अडकला तर मावशी एक आणि पोरं तीस.

मागच्या संकटकालीन दरवाजासमोर दप्तरांचा ढीग लावू देऊ नका. हे आमच्याकडेही होतं, दिसलं तर मला फोटो पाठवा, मी रागावणार नाही.

काका आणि मावशी चांगले आहेत म्हणून विचारणं बंद करू नका. रोज जेवताना एकच प्रश्न, आज बसमध्ये कोणाशेजारी बसलास? पोलीस चौकशीसारखं नको, गप्पा मारल्यासारखं. ज्या दिवशी पोर उत्तर देणं टाळेल त्या दिवशी पुढचं विचारा.

बस सुटली तर दुचाकीवरून तिचा पाठलाग करून पुढच्या सिग्नलला पोर आत ढकलू नका. होतं हे, महिन्यातून दोनदा होतं. सिग्नलला आम्ही दार उघडत नाही. सरळ शाळेत आणून सोडा, उशिराची चिठ्ठी मी देतो.

आणि चालत्या बसमधल्या काकांना फोन करू नका, ते उचलणार नाहीत, त्यांना तशी ताकीद आहे. मला करा. सॉक्ससाठी नाही.