कादंबरी मध्यावर अडते तेव्हा

कादंबरी मध्यावर अडली की दोष बहुधा तिथे नसतो, आधीच्या प्रकरणांत असतो. मी प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करतो: कोणाला काय हवंय, आड काय येतंय, शेवटी काय बदललं. तिसरा रकाना कोरा राहिला तर प्रसंग काढायचा, नाहीतर शेजारच्यात मिसळायचा. मग दोन कार्डांमध्ये ‘म्हणून’ बसतं की नुसतं ‘आणि मग’, ते पाहायचं. सलग तीनदा ‘आणि मग’ आलं, तर कथानक तिथेच सैल झालेलं असतं. एकाच प्रसंगात दृष्टिकोन, म्हणजे प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो ते, या पात्रातून त्या पात्रात उडत असेल तर तेही याच फेरीत सावरावं. भाषेची सफाई मात्र शेवटी. घोटून लिहिलेला परिच्छेद, कितीही निरुपयोगी असला, तरी कापवत नाही. संवाद तेवढे मोठ्याने वाचावेत, पुस्तकी वाक्यं लगेच खटकतात.