फ्यूज बदलण्याआधी

इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगच्या कामाला लागून दुसराच आठवडा. समोर पॉवर सप्लाय, एकदम डेड. फ्यूज काढला तर काच आतून काळीकुट्ट. नवा बसवला, स्विच दाबला आणि ठाप! शेजारचे उस्ताद मान वर न करता म्हणाले, "आता तिसरा लाव."

लावला नाही. फ्यूजची तार नुसती तुटलेली असेल, तर कधीकधी तो थकून गेलेला असतो. काच काळी पडली म्हणजे बहुतेक पुढे शॉर्ट आहे. मीटर डायोड मोडवर घेतलं. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून चांगला सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट्या बाजूने काहीच नाही. इथे ब्रिजमधला (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधला) एक डायोड दोन्हीकडून बीप देत होता, म्हणजे शॉर्ट. पुढचा मॉसफेटही (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) तसाच. (बोर्डवरच मोजताना शेजारचा पार्टही फसवतो, म्हणून संशय आला की एक पाय सोल्डरमधून मोकळा करून पुन्हा मोजायचं.)

पार्ट बदलल्यावर सप्लाय थेट मेनवर नाही, सिरीज बल्बवर, म्हणजे मेनच्या एका वायरमध्ये बल्ब जोडून. बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडी चालत नाही. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे, पण निदान नवे पार्ट तरी वाचले.

एका गोष्टीत मात्र धाडस नको. २३० व्होल्टच्या मेनवर मोठ्या कपॅसिटरमध्ये (चार्ज साठवणाऱ्या पार्टमध्ये) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही राहू शकतं. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणग्या पाडणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मग मीटरने खात्री करा.

सोल्डरिंगचा नवीन मुलं फार बाऊ करतात. भंगारातल्या बोर्डांवर रोज हात चालवला की ते येतं. वेळ लागतो तो फॉल्ट शोधायला. एक टीव्ही दहा मिनिटांनी चालू व्हायचा. कपॅसिटर फुगलेला नव्हता, मायक्रोफॅरडही (क्षमता) बरोबर, तरी मी दोन दिवस आयसीवरच (चिपवर) संशय घेत बसलो. शेवटी ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मोजला, भलताच वाढलेला. आतून सुकलेला कपॅसिटर गरम झाल्यावरच कसाबसा काम करत होता.

आणि हो, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं," असं गिऱ्हाईक म्हणालं की आधी स्क्रूंची डोकी बघा. झिजलेली असतात. वस्तू घेतानाच तडे, चरे, गायब स्क्रू त्याच्यासमोर वहीत लिहा. मी एकदा आळस केला, तर स्क्रीनवरचा जुना चरा माझ्या नावावर जमा झाला.