ड्रॅगनाईट खेळवताना या चुका टाळा

ड्रॅगनाईट हा १९९६ साली आलेल्या पहिल्या पोकेमॉन खेळांपासून सगळ्यांच्या ओळखीचा पोकेमॉन आहे, आणि बहुधा त्यामुळेच तो विचार न करता टीममध्ये घेतला जातो. सांगलीत विश्रामबागेत आम्ही काही जण रविवारी शोडाऊनवर (पोकेमॉनच्या लढतींचे संकेतस्थळ) खेळायला जमतो. मिरज, तासगाव, पलूस या भागांतूनही मुले येतात, आणि नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या टीममध्ये ड्रॅगनाईट असतोच. तो हरतोही जवळजवळ एकाच पद्धतीने: वेळेआधी मैदानात येतो, एचपी (म्हणजे जीव) थोडे गमावलेले असताना ड्रॅगन डान्स (स्वतःचा हल्ला आणि वेग वाढवणारी मूव्ह) करतो आणि पुढच्याच टर्नला आडवा होतो. पुढचे सर्व विवेचन स्कार्लेट-व्हायोलेटच्या पिढीतील सिंगल्सविषयी (मैदानात एकास एक), सहा विरुद्ध सहा आणि लेव्हल १०० असे धरून केले आहे.

एचपी पूर्ण नसताना मल्टिस्केलवर विसंबणे

ड्रॅगनाईटची खरी ताकद मल्टिस्केल या अ‍ॅबिलिटीत आहे. एचपी पूर्ण असतील तर बसणाऱ्या हल्ल्याचे नुकसान निम्मे होते. यातील ‘पूर्ण’ ही अट अक्षरशः घ्यायची आहे, कारण एक एचपी जरी कमी झाला तरी मल्टिस्केल नाही असेच समजावे लागते. हे सगळ्यांना पाठ असते आणि तरीही सामना सुरू झाल्यावर सगळे विसरतात. ड्रॅगनाईट ड्रॅगन आणि फ्लाईंग प्रकारांचा असल्यामुळे रॉक प्रकार त्याला दुप्पट लागतो, म्हणून आपल्या बाजूला स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्या प्रत्येकाला लागणारे दगड) पडलेले असताना तो आत आला की आल्याआल्या २५ टक्के एचपी जातात. मल्टिस्केल तिथेच संपते.

मिरजेचा एक मुलगा आमच्याकडे नियमित येतो. वाचनही भरपूर करतो, पण त्याला घाई फार. आमच्या रविवारच्या सामन्यांत एकदा त्याने ड्रॅगनाईटला हेवी-ड्यूटी बूट्सऐवजी (स्टेल्थ रॉकसारख्या गोष्टींपासून वाचवणारी वस्तू) लम बेरी दिली होती. ‘पॅरालिसिस झाला तर उपयोगी पडेल’ असे त्याचे म्हणणे होते. समोरच्या टिंग-लूने सुरुवातीलाच स्टेल्थ रॉक टाकले, आणि ते साफ करण्याच्या भानगडीत हा पडला नाही. टेराही (पोकेमॉनचा प्रकार बदलण्याची सोय) त्याने दुसऱ्याच एका पोकेमॉनवर, जिथे गरज नव्हती तिथे, खर्च करून टाकला होता. मग एक पोकेमॉन पडल्यावर टिंग-लूसमोर ड्रॅगनाईट आला. ३२३ पैकी ८० एचपी येतानाच गेले, २४३ उरले. त्याने ड्रॅगन डान्स केला. प्रतिस्पर्ध्याने हे आधीच ओळखून त्याच टर्नला वीव्हाईल आणला.

आता त्या मुलाचा हिशेब असा होता की अ‍ॅडमंट (हल्ला वाढवणाऱ्या) नेचरच्या ड्रॅगनाईटचा वेग एका ड्रॅगन डान्सनंतर ३८८ होतो आणि वीव्हाईलचा जास्तीत जास्त वेग ३८३ असतो, म्हणजे आधी फटका आपलाच. त्याने अर्थक्वेक (फ्लाईंगला न लागणारी ग्राउंड प्रकारची मूव्ह) निवडला. वीव्हाईलने आईस शार्ड वापरले. आईस शार्ड ही प्रायॉरिटी असलेली, म्हणजे वेग न पाहता आधी चालणारी मूव्ह आहे, तिच्यापुढे ३८८ आणि ३८३ यांना काही अर्थ उरत नाही, आणि आईस तर ड्रॅगनाईटला चौपट लागते. ड्रॅगनाईट पडला, आणि मुलगा मान वर करून म्हणाला, “दादा, स्पीड तर माझाच जास्त होता की!”

आम्ही तिथेच कॅल्क्युलेटर उघडून त्याला आकडे दाखवले. डिफेन्समध्ये ईव्ही (ट्रेनिंगचे गुण) न घातलेल्या ड्रॅगनाईटला, हल्ल्यात पूर्ण ईव्ही आणि वेग वाढवणारा जॉली नेचर असलेल्या वीव्हाईलचे आईस शार्ड मल्टिस्केल नसताना २६४ ते ३१२ इतके लागते. पूर्ण ३२३ एचपी असते तर मल्टिस्केल नसतानाही ड्रॅगनाईट जेमतेम उभा राहिला असता. मल्टिस्केल असती तर तेच नुकसान १३२ ते १५६, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि त्यानंतरच्या अर्थक्वेकने निम्म्याहून थोड्या अधिक शक्यतेने वीव्हाईलच पडला असता. टेरा नॉर्मल हाताशी असता तर प्रश्नच नव्हता: ड्रॅगनाईटच्या एक्स्ट्रीम स्पीड या मूव्हची प्रायॉरिटी अधिक दोन आहे आणि आईस शार्डची अधिक एक, त्यामुळे वीव्हाईलला हलण्याची संधीच मिळाली नसती. एवढे सगळे पायांत बूट्स नव्हते आणि टेरा आधीच उडवला होता म्हणून गेले.

यावर माझा उपाय साधा आहे आणि मी तो बदलत नाही. सिंगल्समध्ये ड्रॅगन डान्स करणाऱ्या ड्रॅगनाईटला हेवी-ड्यूटी बूट्सच द्यायचे. ही वस्तू २०१९ च्या स्वोर्ड-शील्डपासून उपलब्ध आहे आणि तिने ड्रॅगनाईटला नवे आयुष्य दिले आहे. लाईफ ऑर्ब देणाऱ्यांना मी थांबवतो, कारण पहिल्याच हल्ल्यानंतर ती स्वतःचेच १० टक्के एचपी खाऊन मल्टिस्केल घालवते. बूट्स दिले तरी नॉक ऑफ (समोरच्याची वस्तू काढून टाकणारी मूव्ह) येऊ शकेल अशा ठिकाणी, उदाहरणार्थ ग्रेट टस्कच्या समोर, ड्रॅगनाईटला स्विच करून आणू नये. बूट्स एकदा गेले की पुढच्या प्रत्येक प्रवेशाला २५ टक्के भरावे लागतात. शिवाय टीममध्ये रॅपिड स्पिन किंवा डिफॉग (पडलेले रॉक साफ करणाऱ्या मूव्ह) असलेला एक पोकेमॉन मी ठेवतोच. नवखे खेळाडू ही जागा वाया गेली असे मानतात आणि तिथे आणखी एक हल्लेखोर भरतात, हे मला अजिबात पटत नाही.

एचपी कमी झाले असतील तर रूस्ट ही मूव्ह आहे. ती निम्मे एचपी परत देते आणि पूर्ण झाले की मल्टिस्केल पुन्हा सुरू होते. पण रूस्ट केलेल्या टर्नपुरता ड्रॅगनाईटचा फ्लाईंग प्रकार जातो, म्हणून त्या टर्नला त्याच्यानंतर हलणाऱ्याचा अर्थक्वेक त्याला लागतो. या पिढीत रूस्टचे मूळ पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) पाचच आहेत आणि वाढवले तरी आठ होतात, त्यामुळे लांबलेल्या सामन्यात तीही मोजूनच वापरावी लागते.

मल्टिस्केल इतर अनेक वाटांनीही निकामी होते. वाळूचे वादळ, भाजणे, विषबाधा आणि लीच सीड दर टर्नला थोडे थोडे खातात. रॉकी हेल्मेट घातलेल्याला किंवा गारचॉम्पच्या रफ स्किनला एक्स्ट्रीम स्पीडने स्पर्श केला तरी आपलेच एचपी जातात. मोल्ड ब्रेकर ही अ‍ॅबिलिटी मल्टिस्केलकडे पाहतच नाही. ड्रॅगापल्टच्या ड्रॅगन डार्ट्ससारख्या अनेक फटक्यांच्या मूव्हमध्ये फक्त पहिला फटका निम्मा होतो, पुढचा पूर्ण बसतो. वीव्हाईलची ट्रिपल अ‍ॅक्सेलही तशीच आहे आणि तिचा तिसरा फटका सगळ्यांत जड असतो, त्यामुळे डान्स न केलेला, म्हणजे वीव्हाईलपेक्षा हळू असलेला ड्रॅगनाईट पूर्ण एचपी असूनही तिच्यासमोर ठेवता येत नाही.

समोरची टीम न वाचता डान्स सुरू करणे

कुंडलच्या मैदानात एक नंबरची कुस्ती शेवटी लागते, आणि ड्रॅगनाईटची जागाही तीच आहे. त्याच्या आधी उरलेल्या पाचांनी वाट मोकळी करायची असते. हे समजावून सांगताना मला सर्वांत जास्त विरोध होतो, कारण मुलांना ड्रॅगनाईट तिसऱ्या टर्नलाच बघायचा असतो.

वाट अडवणारे कोण, हे टीम प्रिव्ह्यूमध्येच (सामन्याआधी समोरची टीम दिसते तेव्हा) दिसते. सर्वांत आधी गोलडेंगो शोधावा. तो स्टील आणि घोस्ट प्रकारांचा आहे, म्हणून एक्स्ट्रीम स्पीड त्याला लागतच नाही. अर्थक्वेक दुप्पट लागतो, पण त्याच्याकडे एअर बलून (ग्राउंड हल्ले चुकवणारा फुगा) असेल तर तोही चुकतो, आणि फुगा फोडायला आधी कोणता तरी फटका लागावा लागतो. न लागणाऱ्या एक्स्ट्रीम स्पीडने फुगा फुटत नाही. म्हणजे एक्स्ट्रीम स्पीड आणि अर्थक्वेक या दोनच हल्ल्यांवर चालणारा ड्रॅगनाईट कितीही डान्स करून आला तरी फुगा असलेल्या गोलडेंगोसमोर त्याच्याकडे काहीच नसते. फुगा आत येताच जाहीर होतो, त्यामुळे हे कळले नव्हते असे म्हणायला जागा नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी एखाद्या लहानशा हल्ल्याने फुगा फोडावा आणि मगच ड्रॅगनाईटचा विचार करावा.

त्यानंतर किंगगॅम्बिट. तो डार्क आणि स्टील प्रकारांचा आहे, एक्स्ट्रीम स्पीड त्याला निम्मीच लागते आणि अर्थक्वेक दुप्पट. त्याची सकर पंच ही मूव्ह आपण हल्ला निवडला असेल तरच चालते, म्हणून त्याच्यासमोर घाबरून हल्ला करण्याऐवजी एखादा ड्रॅगन डान्स किंवा रूस्ट मोकळेपणाने मिळू शकतो. हा अंदाजाचा डाव आहे आणि चुकूही शकतो, पण दर वेळी अर्थक्वेकच दाबणाऱ्याला समोरचा लवकरच ओळखतो. किंगगॅम्बिट टेरा फ्लाईंग झाला तर अर्थक्वेक त्याला लागतच नाही, ही शक्यता त्याचा टेरा वापरला जाईपर्यंत डोक्यात ठेवावी.

डोंडोझो, क्लॉडसायर आणि क्वॅगसायर यांच्याकडे अनअवेअर ही अ‍ॅबिलिटी असू शकते, आणि ती आपले सर्व डान्स शून्य धरते. टॉक्सापेक्स हेझने ते पुसून टाकतो. टिंग-लू आणि स्कार्मोरी व्हर्लविंडने ड्रॅगनाईटला बाहेर ढकलतात, आणि रॉक पडलेले असतील तर बदली येणाऱ्याला तेही लागतात. यांपैकी एकही जण धडधाकट असेल तर ड्रॅगनाईट बाहेर ठेवावा.

माझी स्वतःची सवय अशी आहे की प्रिव्ह्यूमध्ये दिसणारी सहा नावे वहीच्या पानावर उतरवायची, ड्रॅगनाईटला अडवणाऱ्यांसमोर खूण करायची आणि प्रत्येक खूण पुसली गेल्याशिवाय त्याला आणायचे नाही. शोडाऊनवर वेळेची मर्यादा असते, पण सहा नावे लिहायला इतका वेळ लागत नाही. व्हिडिओमधून टीम उचलून त्याच दिवशी लॅडरवर (शोडाऊनच्या क्रमवारीच्या सामन्यांत) उतरणाऱ्या मुलांना ही वही शाळेच्या गृहपाठासारखी वाटते. मला मात्र ती खेळाचा सगळ्यांत आनंदाचा भाग वाटते, कारण सामना कुठे वळणार हे त्या पानावर आधी दिसू लागते.

अ‍ॅडमंट की जॉली

बहुतेक जण न विचारता अ‍ॅडमंट घेतात. ते चूक नाही, पण त्याची किंमत माहीत असावी. अ‍ॅडमंट ड्रॅगनाईट एका डान्सनंतर ३८८ वर जातो, म्हणजे ३७९ चा मियावस्काराडा आणि ३८३ चा वीव्हाईल मागे पडतात. झमाझेंटाचा जास्तीत जास्त वेग ४१२ आणि ड्रॅगापल्टचा ४२१, हे दोघे पुढेच राहतात. जॉली घेतला तर एका डान्सनंतर ४२६ होतात आणि दोघेही मागे पडतात. झमाझेंटाच्या बाबतीत वेगाची उणीव एक्स्ट्रीम स्पीड भरून काढू शकते. ड्रॅगापल्टच्या बाबतीत ती मुळीच उपयोगी नाही, कारण तो घोस्ट आहे. म्हणून टीममध्ये ड्रॅगापल्टला सांभाळणारा दुसरा कोणी नसेल तर मी जॉली घेतो, असेल तर अ‍ॅडमंट. चॉईस स्कार्फ (वेग दीडपट करणारी वस्तू) घातलेले बहुतेक पोकेमॉन दोन्हींच्या पुढे जातात, त्यांच्यासाठी नेचर बदलण्यात अर्थ नाही.

टेरा नॉर्मलविषयी

२०२२ पासून टेरा नॉर्मल आणि एक्स्ट्रीम स्पीड ही जोडी प्रसिद्ध झाली आणि ती योग्यच आहे: ८० शक्तीच्या त्या मूव्हला प्रकाराचा दीडपट फायदा मिळतो, आईसची चौपट कमजोरी जाते, घोस्टचे हल्ले लागत नाहीत. मात्र टेरा नॉर्मल झालेला ड्रॅगनाईट फ्लाईंग राहत नाही. त्याला अर्थक्वेक लागतो, बूट्स नसतील तर स्पाईक्सही (जमिनीवर पसरलेले काटे) लागतात, आणि फायटिंग दुप्पट बसते. समोर ग्रेट टस्क उभा असताना घाईने टेरा करणारे मी वारंवार पाहतो. टेरा सामन्यात एकदाच मिळतो. ज्या टर्नला तो फटका वाचवतो किंवा फटक्याने एक पोकेमॉन नक्की पाडतो, त्याच टर्नला तो करावा.

काही चुका एका ओळीच्याच आहेत. चॉईस बँड आणि ड्रॅगन डान्स एका सेटमध्ये ठेवू नयेत, कारण बँड पहिल्या निवडलेल्या मूव्हवरच अडकवतो. एक्स्ट्रीम स्पीडचे पीपी वाढवून आठच होतात, ते जखमी पोकेमॉन संपवण्यासाठी राखावेत. भाजलेल्या ड्रॅगनाईटने डान्स करू नये, कारण भाजल्यावर फिजिकल हल्ले निम्म्यावर येतात. एन्कोर (शेवटची मूव्हच पुन्हा करायला लावणारी मूव्ह) असलेल्यासमोर डान्स केला तर पुढचे टर्न डान्समध्येच जातात.

आणि डबल्सचा सेट सिंगल्समध्ये तसाच आणू नये. अधिकृत डबल्स स्पर्धांत सामने लेव्हल ५० वर होतात, सहापैकी चारच पोकेमॉन उतरवायचे असतात आणि इंटिमिडेट (समोरच्याचा हल्ला कमी करणारी अ‍ॅबिलिटी) पावलोपावली भेटते, म्हणून तिथे ती रोखणारी इनर फोकस ही अ‍ॅबिलिटी आणि चॉईस बँड घेतलेला ड्रॅगनाईटही शहाणपणाचा ठरतो. फारिगिरॅफची आर्मर टेल किंवा इंडीडीचे सायकिक टेरेन समोर असेल तर तिथे एक्स्ट्रीम स्पीडच बंद पडते, हे टीम निवडतानाच पाहावे लागते. सहा विरुद्ध सहाच्या सिंगल्समध्ये मात्र तेवढ्याच विचाराने मल्टिस्केल, बूट्स, ड्रॅगन डान्स, रूस्ट, एक्स्ट्रीम स्पीड आणि अर्थक्वेक हाच सेट मी नव्या मुलाच्या हातात देतो, आणि त्यातील प्रत्येक गोष्ट तिथे का आहे हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत बदलू देत नाही.