घरबसल्या कामाची जाहिरात खरी की खोटी, हे कसं ओळखावं

सोलापूरला घरबसल्या काम नवीन नाही. पूर्व भागातल्या कितीतरी बायकांनी घरात विड्या वळून संसार ओढले, पोरं शिकवली. त्या कामाची रीत आठवा. पान-तंबाखू कारखाना देतो, बाई विड्या वळून नेऊन देते, माल तपासला जातो आणि हजारामागे मजुरी मिळते. पैसा कारखान्याकडून घराकडे येतो. मोबाइलवर आलेल्या जाहिरातीलाही आधी हाच प्रश्न विचारा: पैसा कुणाकडून कुणाकडे चाललाय?

१. आधी काम पटतंय का ते बघा

‘घरी बसून पेन्सिल पॅकिंग, महिना ३०,००० पगार, १५,००० अ‍ॅडव्हान्स, शिक्षणाची अट नाही.’ हा मेसेज बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. खाली एखाद्या नामांकित कंपनीचा लोगो असतो. त्या कंपनीला बिचारीला याचा पत्ताही नसतो. जरा हिशेब करा. जी पेन्सिल दुकानात पाच-दहा रुपयांना मिळते, ती कुरियरने सोलापुरात पाठवायची, डब्यात भरून घ्यायची, परत मागवायची आणि वर तीस हजार द्यायचे, हे कुठल्या धंद्याला परवडेल? मुलाखत नाही, कामाची चाचणी नाही आणि पगार मात्र पदवीधराला लाजवणारा, असं दिसलं की तिथेच थांबा.

२. ‘परत मिळेल’ म्हणून मागितलेली फी भरू नका

सुरुवात लहान रकमेची असते. नोंदणीचे काहीशे रुपये, मग ओळखपत्राचे, मग कुरियरचे, मग ‘माल निघालाय, फक्त जीएसटी बाकी आहे’. प्रत्येक वेळी आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. पहिल्याच मागणीला नाही म्हणा.

वाती किंवा अगरबत्तीचं मशीन विकून ‘तयार माल आम्हीच उचलू’ म्हणणारेही असतात. मशीन येतं, माल उचलायची वेळ आली की त्यात खोट काढली जाते, नाहीतर फोन बंद होतो. आधीपासून माल देणाऱ्या दोन-तीन जणांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय असं मशीन घेऊ नका.

आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स जमा करतोय, पिन टाका’ म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

३. कंपनी खरोखर आहे का, ते तपासा

कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पण तिथे नाव सापडलं म्हणजे जाहिरातही तिचीच असं नाही. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर घेऊन स्वतः फोन लावा. आपल्याकडे एक सोपा उपायही आहे. सोलापुरात ज्यांचं कुणी पुण्यात नोकरीला नाही असं घर विरळाच! ‘ऑफिसचा पत्ता द्या, माझा भाऊ उद्या येऊन भेटेल’ एवढं म्हणा. खरा माणूस वेळ सांगेल, खोटा चिडेल.

तोवर आधार, पॅन, पासबुकाचे फोटो पाठवू नका. द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. ‘आमचं अ‍ॅप’ म्हणून मेसेजमधून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) तर उघडूच नका.

४. जिथे आधी पैसे मिळतात, तिथे जास्त सावध राहा

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’मध्ये व्हिडिओ लाइक करायचे, हॉटेलांना रेटिंग द्यायचं आणि दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. ते आमिष असतं. पुढे ‘प्रीपेड टास्क’ येतो: हजार भरा, तेराशे घ्या. ग्रुपमधले बाकीचे ‘मला मिळाले’ म्हणत असतात, ते त्यांचेच लोक. स्क्रीनवर लाखाचा आकडा दिसतो, पण काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरायला लावतात.

‘तुमच्या खात्यात रक्कम येईल, कमिशन ठेवून बाकी पुढे पाठवा’ हे काम तर सगळ्यांत घातक. ती रक्कम बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीची असते. खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

५. वकिलाच्या नोटिशीला घाबरू नका

डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी ऑनलाइन करारावर सही घेतात, काही दिवसांनी ‘अचूकता कमी आली’ म्हणतात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस येते: दंड भरा, नाहीतर कोर्ट. अब्रूला जपणारी माणसं इथे हमखास पैसे देतात. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि कुठलंही कोर्ट फोनवर धमकावून यूपीआयने दंड घेत नाही. पैसे देऊ नका. नोटीस जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार लवकर पोचली तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. बँकेलाही कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. शहरात राहत असाल तर शहर पोलीस आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणे आहे. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकडच्यांनी जवळच्या ठाण्यात जावं, तो भाग ग्रामीण पोलिसांकडे येतो.

त्यानंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी लागेल’ असा फोन आला, तर तो नंबरही त्याच तक्रारीत लिहा.