मराठी मजकुराला शुद्धलेखन तपासणी कशी लावावी

मराठीची शुद्धलेखन तपासणी सुरू करायला दोन मिनिटं पुरतात. तरी ग्रामपंचायतीत, सेतू केंद्रात, तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात ती बहुधा बंदच दिसते. कोणीतरी एकदा सुरू केलेली असते, अख्खं पान लाल झालेलं असतं आणि ‘मराठीला हे चालत नाही’ असं ठरवून टाकलेलं असतं. चालतं. फक्त समोरचा मजकूर मराठी आहे हे संगणकाला कळायला हवं. खरं काम तेवढंच आहे.

आधी शब्दकोश बसवा. लिब्रेऑफिस वापरत असाल तर मराठी शब्दकोशाची ओएक्सटी फाइल (लिब्रेऑफिसला जोडायची पुरवणी) लागते. ती लहान असते, गावात नेटची रेंज नसेल तर तालुक्याहून पेनड्राइव्हवर आणा. ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्टेन्शन’च्या खिडकीतून ती जोडा आणि लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. वर्डमध्ये ‘फाइल – ऑप्शन्स – लँग्वेज’मध्ये मराठी जोडा. तिच्यापुढे प्रूफिंग, म्हणजे तपासणीची साधनं, बसवलेलं नाही असं दिसलं तर तिथूनच उतरवून घ्या. याला नेट लागतं, पण एकदाच. पुढे वीज आणि नेट दोन्ही गेलं तरी लॅपटॉपवर तपासणी चालते.

आता जिथे लोक अडतात तो टप्पा.

पहिली अडचण फॉन्टची. कृतीदेव किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, संगणकाला नाही. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी चित्रं चढवलेली. खात्री करायची तर एक ओळ निवडून फॉन्ट एरियल करून बघा. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर तो जुना मजकूर. त्यावर कुठलाही शब्दकोश चालणार नाही, सेटिंगमध्ये कितीही वेळ घालवा. उलट वर्ड असा मजकूर स्वतःहून बिघडवतो: वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं करण्याची त्याला सवय असते. कृतीदेवमध्ये लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीचा ‘क’ न सांगता अर्धा होतो. म्हणून मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, बदला आणि त्यातले आकडे व जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘आमची बोटं रेमिंग्टनवर, जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलीत’ ही सबब चालणार नाही. रेमिंग्टन मांडणीचे युनिकोड कळफलक मिळतात.

दुसरी अडचण त्याच कळफलकात दडलेली असते आणि ती फार कमी लोक सांगतात. असे बरेच कळफलक विंडोजमध्ये हिंदीच्या नावावर नोंदलेले असतात. त्यावरून लिहिलेल्या मजकुरावर वर्ड हिंदीचा शिक्का मारतं. मग ‘आहे’, ‘नाही’, ‘पाहिजे’ यांच्याखालीही लाल रेघ येते, कारण हिंदीच्या कोशात हे शब्द नाहीत. वर्डच्या तळपट्टीवर डावीकडे भाषेचं नाव असतं. तिथे ‘हिंदी’ दिसलं की रोग सापडला. कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा, त्या नावावर क्लिक करा, यादीत मराठी घ्या. खालच्या दोन चौकटी रिकाम्या करा: तपासणी करू नये असं सांगणारी आणि भाषा आपोआप ओळखणारी. पहिल्या चौकटीत बरोबरच्या खुणेऐवजी भरीव चौकोन दिसला, तर मजकुराचा काही भाग तपासणीतून वगळलेला आहे असं समजा. चौकट पूर्ण रिकामी होईपर्यंत क्लिक करा. नंतर एफ-७ दाबा, तपासणी सुरू होते.

लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स – ऑप्शन्स’मधलं भाषांचं पान उघडा. तिथे लोक ‘वेस्टर्न’च्या यादीत मराठी शोधत बसतात. ती ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या यादीत असते. फक्त चालू दस्तऐवजासाठी अशी चौकट खाली आहे, तिच्यावर खूण करू नका, नाहीतर उद्या नव्या फाइलला पुन्हा हेच करावं लागेल. आधीच हिंदीचा शिक्का बसलेल्या मजकुराला हे सेटिंग लागू होत नाही. तो निवडून ‘फॉरमॅट – कॅरॅक्टर’मध्ये भाषा बदला.

एवढं करूनही काही बरोबर शब्द लाल राहतील. आपल्याकडच्या प्रत्येक नुकसानभरपाईच्या अर्जात येणारा ‘शेतकऱ्यांच्या’ हा त्यातला नेहमीचा. त्यातला ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कोशात एक असतो, तुम्ही दुसरा टाइप केलेला असतो. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकात) शिफ्ट-जे, मग डी, मग य, हीच सवय लावा. ‘स्वतः’ आणि ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी कोलन टाकला की संगणक तिथे शब्द तोडतो आणि दोन्ही तुकडे चूक ठरवू शकतो. इनस्क्रिप्टवर विसर्ग शिफ्ट आणि वजाच्या कळीवर आहे.

मराठीत एका शब्दाला प्रत्यय लागून इतकी रूपं होतात की सगळी कोशात मावत नाहीत. ‘गावकऱ्यांकडूनसुद्धा’ लाल झालं म्हणून ते चूक नाही. सुचवलेला शब्द वाचल्याशिवाय घेऊ नका. ‘पीक’ दीर्घ आणि ‘पिकाचं’ ऱ्हस्व, ‘गरीब’ दीर्घ आणि ‘गरिबाला’ ऱ्हस्व, दोन्ही बरोबर आहेत. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, दोन्ही कोशात असल्यामुळे इथली चूक संगणक पकडणार नाही. ठराव एकदा मोठ्याने वाचायलाच हवा.

‘चेंज ऑल’ला हात लावू नका. लाभार्थ्यांच्या यादीत एखादं आडनाव कोशात नसतं. एका क्लिकने ते यादीभर बदललं की आधार आणि सातबाऱ्याशी नाव जुळत नाही, आणि हेलपाटे त्या माणसाला पडतात. नावांच्या याद्यांवर तपासणी लावूच नये हे माझं स्पष्ट मत आहे.

सिंदेवाही, कोरची, चांदूर बाजार अशी गावांची नावं, आसपासची खेडी आणि नेहमीची आडनावं मात्र ‘ॲड टू डिक्शनरी’ने कोशात घाला. घाईत चुकीचा शब्द आत गेला तर त्याखाली पुन्हा कधीच रेघ येणार नाही. तो काढायला वर्डमध्ये ‘ऑप्शन्स – प्रूफिंग – कस्टम डिक्शनरीज’ उघडून शब्दांची यादी बघा. संगणक फॉरमॅटला देण्याआधी तुम्ही घातलेले शब्द असलेली कस्टम कोशाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.