दक्षता विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी: तक्रारीचा तपास करताना तक्रारदार उघडा पडू नये म्हणून

केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपनीत बरीच वर्षे बांधकाम, खरेदी किंवा लेखा विभागात काढल्यानंतर एके दिवशी दक्षता विभागात बदली झाल्याचा आदेश हातात पडतो, आणि कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बिले तपासली त्यांच्याच फाइली आता तक्रारीच्या अंगाने वाचायच्या आहेत, हे ध्यानात येते. मी स्थापत्य अभियंता म्हणून या विभागात आले तेव्हा मला दक्षता नियमावली मिळाली, टेबल मिळाले आणि लगोलग पहिली तक्रारही मिळाली. तपास कसा करायचा हे मात्र कोणी शेजारी बसवून सांगितले नाही. त्या दिवसांतील एकटेपणा अजून माझ्या मनातून पुरता गेलेला नाही, म्हणूनच मुंबईतील तेल कंपन्यांपासून नागपूरच्या कोळसा कंपनीपर्यंत जे कोणी सहकारी या कामात नव्याने येत असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

केंद्र सरकारच्या खात्यांतील आणि कंपन्यांतील दक्षतेच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाची पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असेलच. भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी नेमलेल्या संथानम समितीच्या शिफारशीवरून 1964 मध्ये आयोग स्थापन झाला, विनीत नारायण खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या निकालाने त्याला वैधानिक दर्जा देण्याचा मार्ग खुला केला, आणि 2003 च्या कायद्याने तो दर्जा पक्का झाला. कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की आयोगाला साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असले, तरी बहुतेक तक्रारींचा तपास आयोग स्वतः करीत नाही. तो कंपनीच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडून किंवा केंद्रीय अन्वेषण विभागाकडून करवून घेतो. म्हणजेच आयोगासमोर जे सत्य पोहोचते ते तुमच्या टेबलावरून लिहून गेलेले असते. अधिकारक्षेत्राची रेषाही आधी पाहून घ्यावी. सरकारने आपल्या कंपन्यांची ‘अ’ ते ‘ड’ अशा चार अनुसूचींत वर्गवारी केली आहे. अनुसूची ‘अ’ आणि ‘ब’ मधील कंपन्यांत ई-8 या वेतनश्रेणीतील व त्यावरील, तर ‘क’ आणि ‘ड’ मधील कंपन्यांत ई-7 व त्यावरील अधिकारी आयोगाच्या कक्षेत येतात. त्यांच्याबरोबर खालचे अधिकारी गुंतलेले असतील तर संपूर्ण प्रकरण आयोगाकडे जाते. संचालक मंडळावरील पूर्णवेळ संचालकाविरुद्ध तक्रार असेल तर तिला हात न लावता ती मंत्रालयाच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. एसटी किंवा महावितरण यांसारखे राज्याचे उपक्रम या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. तेथील तक्रारींसाठी लोकायुक्त आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहेत, त्यामुळे अशी तक्रार चुकून तुमच्याकडे आली तर तक्रारदाराला तसे स्वच्छ कळवावे.

तक्रार आली म्हणजे लगेच तपास सुरू झाला, असे होत नाही. निनावी किंवा खोट्या नावाची तक्रार, आरोप कितीही गंभीर असला तरी, आजच्या नियमांप्रमाणे दप्तरदाखल होते, म्हणजे तिच्यावर पुढे कारवाई होत नाही. नाव-पत्ता असेल तर ‘ही तक्रार आपणच केली आहे काय’ असे तक्रारदाराला लेखी विचारले जाते, आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र जाते. त्यानंतर प्रश्न उरतो तो दक्षता पैलूचा: लाच, अफरातफर, खोटे दस्तऐवज, उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता, किंवा नियम इतक्या उघडपणे डावललेले की त्यामागे हेतू असल्याची रास्त शंका यावी. बढती मिळाली नाही, वरिष्ठ उद्धटपणे बोलतात, अशा तक्रारी प्रशासनाकडे जातात. निविदा हुकलेल्या ठेकेदारांच्या तक्रारी फार येतात आणि त्या वाचताना मन आधीच कलुषित होते, पण मत्सरातून लिहिलेल्या पत्रातही खरी आकडेवारी असू शकते, म्हणून ती लिहिणाऱ्याच्या हेतूवरून निकालात काढू नये. फक्त एवढे लक्षात असू द्यावे की आयोग तक्रारीचा तपास करवतो, निविदेची प्रक्रिया थांबवीत नाही. ठेकेदाराला तशी आशा दाखवणे चुकीचे आहे.

आयोगाने ‘तपास करून अहवाल पाठवा’ असे कळवले की हाती तीन महिने असतात. ते पुरेसे आहेत, घाबरू नका. मात्र पहिला आठवडा मूळ कागद ताब्यात घेण्यातच गेला पाहिजे. मूळ फाइल, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मोजमापे लिहिण्याची वही), निविदा उघडल्याचा तक्ता, बिलाची मूळ प्रत हे सर्व यादी करून, पानांना क्रमांक घालून, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घेऊन ताब्यात घ्यावे, आणि काम अडू नये म्हणून छायाप्रती तेथे ठेवाव्यात. जबाब नंतर घ्यावेत. जबाबाच्या भरवशावर उभा केलेला अहवाल विभागीय चौकशीत कोसळतो, कारण साक्षीदार तेथे उलटतो, आणि तुम्ही घेतलेला जबाब त्या साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याशिवाय आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. टिपणीच्या पानावरची तारीख मात्र उलटत नाही.

आता ज्या सापळ्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते, आणि येथे मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण नियमावलीत ‘तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवावी’ एवढे एक वाक्य वाचून प्रत्येक नवा अधिकारी असे समजतो की पत्रातून नाव गाळले म्हणजे ओळख गुप्त राहिली. ती राहत नाही. समजा, एका कारखान्याच्या विस्ताराच्या कामात मुरुमाच्या खोदाईला कठीण खडकाचा दर लावून बिल काढले, अशी तक्रार आहे. तुम्ही त्या युनिटला पत्र लिहिता की अमुक करारातील कठीण खडकाच्या खोदाईची मोजमाप पुस्तिका आणि तिसऱ्या चालू बिलाची फाइल तातडीने पाठवावी. या पत्रात तक्रारदाराचे नाव नाही, तक्रार आल्याचाही उल्लेख नाही. पण त्या पुस्तिकेचे ते पान आयुष्यात तीनच माणसांनी पाहिलेले असते. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासणीची सही केली, आणि तिसऱ्याने बिल तयार करताना आकडे उतरवून घेतले. पहिल्या दोघांनी तर तक्रार केलेली नाही. पत्र पोहोचल्यावर संध्याकाळपर्यंत तिसऱ्याचे नाव साऱ्या युनिटला कळलेले असते.

माझ्या पहिल्याच वर्षी आमच्या विभागातून असे एक पत्र गेले, आणि दोन महिन्यांच्या आत बिल विभागातील एका सहायकाची बदली दूरच्या साठवण केंद्रात झाली. आदेशात कारण लिहिले होते प्रशासकीय निकड. तक्रार पुढे खरी ठरली, दोषींवर कारवाईही झाली, पण त्या सहायकाच्या मुलांच्या शाळेचे वर्ष त्यात वाया गेले, आणि त्या युनिटमधून त्यानंतर कित्येक दिवस एकही तक्रार आली नाही. यापेक्षा मोठे नुकसान कोणत्याही भ्रष्ट ठेकेदाराने केले नसते, असे माझे ठाम मत आहे.

ओळख अनेक वाटांनी फुटते, त्यामुळे त्या सर्व वाटा पत्र लिहिण्यापूर्वी एकेक करून तपासाव्या लागतात. मागवलेला कागद इतका नेमका असतो की तो कोणी दाखवला हे उघड होते. यावर उपाय असा की एका कराराऐवजी त्या वर्षातील ठरावीक रकमेवरील सर्व बांधकाम करारांच्या मोजमाप पुस्तिका तपासणीच्या नेहमीच्या कार्यक्रमात मागवाव्यात आणि त्या सर्वांवर खरोखर नजर टाकावी, म्हणजे तपासणी दिखाऊ ठरत नाही आणि कित्येकदा दुसरेही काही हाती लागते. तक्रारीतील एखादा शब्दप्रयोग जसाच्या तसा प्रश्नावलीत उतरला की लिहिणाऱ्याचा आवाज ओळखू येतो, म्हणून प्रत्येक आरोप स्वतःच्या कार्यालयीन भाषेत नव्याने लिहावा. एखाद्यालाच बोलावून तासभर दार बंद करून बसलात तर जबाबात काय आहे याला काही अर्थ उरत नाही, म्हणून त्या टेबलाशी संबंधित सर्वांना पदाच्या क्रमाने बोलवावे आणि प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ द्यावा. तक्रारीची प्रत कधीही युनिटच्या ईमेलवर पाठवू नये, मुख्य फाइलला जोडू नये, ती बंद पाकिटात वेगळी असावी. आणि शेवटची वाट आरोपपत्राची: आरोप जर पूर्णपणे अभिलेखांवर उभा असेल तर तक्रारपत्र आधारभूत कागदपत्रांच्या यादीत घालण्याचे कारण नसते, कारण एकदा ते यादीत गेले की त्याची प्रत मागण्याचा आरोपीला हक्क मिळतो.

हे सारे अतिरेकाचे वाटत असेल तर सत्येंद्र दुबे यांची आठवण करावी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातील गैरव्यवहारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरले, आणि नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने खुनामागे लूटमार असल्याचे मांडले, तरीही पत्र असे फिरायला नको होते. त्यानंतर 21 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने जनहितार्थ माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढला. तुम्हाला एखादा कर्मचारी भीत भीत विचारील की सुरक्षितपणे तक्रार कशी करावी, तेव्हा हीच वाट सांगावी: पत्र बंद पाकिटातून आयोगाच्या सचिवांकडे पाठवावे, पाकिटावर या ठरावाखालील तक्रार असल्याचे लिहावे, नाव-पत्ता पाकिटावर नव्हे तर आतील पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असावा, आणि प्रत दुसऱ्या कोणालाही पाठवू नये, कारण इतरांना प्रती वाटल्या की या ठरावाचे संरक्षण मिळत नाही. छळ झाला तर तो आयोगाला कळवता येतो, हेही त्याला सांगावे. मात्र ‘तुम्हाला काहीही होणार नाही’ असे वचन स्वतःच्या तोंडाने देऊ नये. ते पाळणे तुमच्या हातात नसते.

मार्गदर्शक कोणाला मानावे याविषयी माझे मत अनेकांना पटत नाही. दक्षता विभागात वर्षानुवर्षे राहिलेल्या आणि प्रत्येक फाइलमध्ये चोर शोधणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा निवृत्तीला आलेला बिल लिपिक अधिक शिकवतो. कोणते बिल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबते, थांबले नाही तर का थांबले नाही, हे त्यालाच ठाऊक असते. जुन्या अहवालांचा नमुना घेऊन त्यात नावे आणि रकमा बदलण्याची जवळची वाट मात्र कोणीही धरू नये. अशा अहवालात मागच्या प्रकरणातील निष्कर्ष नकळत उतरतो, आणि ज्याने नियम मोडला त्याच्याबरोबर ज्याने फक्त फाइल पुढे पाठवली तोही आरोपी होतो. चुकीचा निर्णय आणि भ्रष्ट निर्णय यांतील फरक शोधायला वेळ लागतो. तो वेळ द्यावाच लागतो, कारण व्यवसाय करणाऱ्या कंपनीत जोखीम घेतल्याशिवाय निर्णय होत नाहीत.

अहवाल लिहिण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे घ्या. काही जण म्हणतात की त्याने तो सावध होईल. मूळ कागद तुमच्या ताब्यात असतील तर सावध होऊन तो काय करणार? उलट, कित्येक आरोप त्याच्या एका उत्तराने आणि सोबत जोडलेल्या एका मंजुरीपत्राने सुटतात. अहवालात तक्रारीचे स्वरूप, आढळलेली वस्तुस्थिती, अधिकाऱ्याचे म्हणणे, त्यावरचे तुमचे उत्तर, प्रत्येकाची वेगवेगळी जबाबदारी आणि कार्यपद्धतीत हव्या असलेल्या सुधारणा हे सारे यावे लागते. यांतील ‘त्यावरचे तुमचे उत्तर’ हा भाग लिहिता येत नसेल तर आरोप सिद्ध झालेला नाही, असे समजावे.

पुढे आयोग पहिल्या टप्प्याचा सल्ला देतो: मोठ्या शिक्षेची कार्यवाही, किरकोळ शिक्षेची कार्यवाही, प्रशासकीय कारवाई किंवा प्रकरण बंद. हा सल्ला आहे, आदेश नव्हे. शिक्षेचा निर्णय घेणारा शिस्तभंगविषयक प्राधिकारी त्याच्याशी असहमत होऊ शकतो, पण त्याला कारणे नोंदवावी लागतात आणि अशा असहमतीच्या ठळक प्रकरणांची नोंद आयोगाच्या वार्षिक अहवालात होते. अनेक तपास ‘प्रकरण बंद’ यावरच संपतील. त्याने खचून जाऊ नये, पण बंद करतानाचा अहवाल घाईने उरकू नये. बढती, प्रतिनियुक्ती आणि निवृत्तीचे लाभ यांसाठी प्रत्येक अधिकाऱ्याला दक्षता विभागाची निर्दोष नोंद लागते, आणि ‘आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असे वाक्य त्याच्या नोंदीत राहिले तर पुढील प्रत्येक निवड समिती ते संशयाने वाचते. कागदांवरून आरोप खोटा ठरला असेल तर ‘आरोप वस्तुस्थितीला धरून नाही’ असे स्पष्ट लिहावे, कोणत्या कागदावरून ते ठरले त्याचा पृष्ठक्रमांक द्यावा, आणि तो अहवाल त्या अधिकाऱ्याच्या बढतीची समिती बसण्यापूर्वी मुख्य दक्षता अधिकाऱ्यांच्या सहीला जाईल, हे स्वतः पाहावे.