चादर विणायला सांगण्याआधी गादी मोजा

मागावरची चादर सांगताना नुसतं 'डबलची' म्हणू नका. पलंग ७२ बाय ७५ इंची असला, तरी आपल्याकडच्या कापसाच्या गाद्या उंच. पिंजून आणलेली तर फुगून बसते! गादीची उंची दोन्ही बाजूंनी धरा, वर खोचायला चार-चार इंच. म्हणून ९० बाय १०८ हेच माप सांगावं. सिंगलला ६० बाय ९०.

हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शंभर इंचाला पाच इंच सहज. माप धुतल्यानंतरचं हवं, हे विणकरदादांना आधीच सांगा.

पन्हा, म्हणजे मागावर निघणाऱ्या कापडाची रुंदी, तीही विचारा. माग ४८ इंची असेल तर डबलच्या चादरीला कापडाचे दोन पाट, म्हणजे दोन पट्टे, मधोमध जोडावे लागतात. मला तो जोड आवडतो, घरच्यांना नाही.